पाय दुखतात म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करावी का?

वडगावकर: बाबांना दोन वर्षांमागं हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, तेव्हापासून रात्री कोलेस्टेरॉलची गोळी, एटोरवास्टॅटिन ४० मिलिग्रॅम, चालू आहे. गेल्या महिन्यात मांड्या-पिंढऱ्या दुखायला लागल्या, जिना चढताना कठडा धरून थांबायचे. कट्ट्यावर कुणीतरी सांगितलं, 'गोळीनं स्नायू झिजतात, सोडा.' बाबांनी सोडली, आम्हाला न सांगता. डब्यात १५ गोळ्या शिल्लक दिसल्या तेव्हा कळलं. स्टेंटवाल्या माणसानं ही गोळी आपल्या मनानं सोडूच नये, असं माझं ठाम मत आहे.

खानापूरची माई: मला नाही पटत. पाय त्यांचे दुखतात, तुमचे नव्हे. आमच्या ह्यांना 'वय झालं' म्हणून तीन महिने परत पाठवलं. शेवटी गोळी बंद केली, आठवड्यात पाय मोकळे झाले. आता जवसाची चटणी आणि रोज चालणं.

निपाणीकर: माझं मेडिकल आहे, म्हणून सांगतो. माई, यजमानांना स्टेंट किंवा अटॅक झालाय का? नसेल तर डॉक्टरांशी बोलून थांबायला वाव असतो. वडगावकरांच्या बाबांना तो नाही. गोळी सोडली की काही आठवड्यांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पुन्हा पहिल्या जागी येतं.

दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण २०२० साली लंडनच्या अभ्यासात, त्रासामुळं गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी दिली, काही महिने तशीच दिसणारी बिनऔषधाची. खऱ्या गोळीवरच्या त्रासातला ९० टक्के बिनऔषधाच्या गोळीवरही होता! निम्म्यांनी पुढं गोळी परत सुरू केली.

खानापूरची माई: स्टेंट नाही. पण उरलेल्या दहा टक्क्यांचं काय? सीपीकेची, म्हणजे स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी, रक्ततपासणी कुणी का लिहून दिली नाही?

निपाणीकर: हे तुमचं बरोबर आहे माई, ती करायला हवी होती. डोस कमी करता येतो, त्याच गटातल्या रोसुवास्टॅटिनवर बदलता येतं, कोलेस्टेरॉलचंच वेगळ्या गटातलं एझेटिमाइब जोडता येतं. लघवी चहासारखी काळपट झाली तर मात्र वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

आपल्याकडं आणखी एक भानगड मी दर महिन्याला बघतो. हृदयाचे डॉक्टर कोल्हापूरला, शुगरचे बेळगावात. दोन चिठ्ठ्या, दोन ब्रँड, आत औषध एकच. माणूस दोन्ही गिळतो, ४० चे ८० होतात. त्यात खोकल्याला क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मिळालं तर रक्तात औषध आणखी साठतं. वडगावकर, बाबांच्या सगळ्या स्ट्रिपा काढून औषधाचं बारीक नाव वाचा.

वडगावकर: आत्ता वाचलं. शुगरच्या पिशवीत दुसऱ्या ब्रँडची निघाली, एटोरवास्टॅटिन ४०. उद्या सकाळी दोन्ही घेऊन डॉक्टरांकडं चाललोय. माई, सीपीके मी स्वतः विचारतो.