ट्रॅक सॉ: माकिटा एसपी6000 की फेस्टूल टीएस 55? आणि डेप्थ किती ठेवायची?

किचनवाला_सांगली: मॉड्युलर किचनच्या कामाला ट्रॅक सॉ (रेलवरून सरळ धावणारी, गोल पात्याची करवत) घ्यायचाय. माल बहुतेक 19 मिमी प्लाय, दोन्ही अंगांना 1 मिमी सनमायका. अधूनमधून सागवान चिरावं लागतं. दोन्ही मशीनमध्ये फरक काय? आणि 21 मिमीच्या मालाला डेप्थचं स्केल कितीवर लावू?

रंधा_पटाशी: पातं मालाच्या खाली 2-3 मिमीच उतरू द्या. स्केल मशीनच्या तळापासून मोजत असेल तर 21 + रेलचे 5 + 3, म्हणजे 29. काही मशीनच्या स्केलमध्ये रेल आधीच धरलेली असते, तिथे 24. खात्री करायची तर रेलसकट जाड भंगार तुकड्यावर पातं उतरवा, दहाएक सेंटिमीटर पुढे न्या आणि मग त्या खाचेत व्हर्नियरची खोली मोजणारी शेपटी घाला. नुसतं उतरवून मोजलं तर खाच गोलाईची येते, माप फसतं.

पातं जास्त खाली सोडलं की दात वरच्या मायकातून जवळजवळ उभे बाहेर येतात आणि कड उचकटतात. कमी सोडलं की आडवे निघतात. ट्रॅक सॉचे दात खालून वर कापतात, म्हणून दर्शनी बाजू खाली ठेवली तर उत्तमच.

मायका_स्पेशल: वरची बाजूही दिसणारी असेल तर दोन फेऱ्या मारा: पहिली 2-3 मिमीची, दुसरी पूर्ण. माकिटाला यासाठी वेगळं बटण आहे, त्यामुळे मुख्य डेप्थ हलवावी लागत नाही. मायकाला 48 दातांचं पातं हवंच. रेलची रबर पट्टी फक्त रेलखालची कड सांभाळते, उरलेल्या तुकड्याची नाही. नव्या पात्याची जाडी वेगळी असेल तर पट्टीही बदला, नाहीतर फट राहते.

सागवानी: सागवानासाठी मी फेस्टूल म्हणेन. टीएस 55 ला पात्यामागे फाळ (कापलेली चीर मिटू न देणारी पत्ती) आहे, एसपी6000 ला नाही. लाकूड आवळलं की मशीन मागे उसळतं, तिथे हा फाळ कामाला येतो. चिरताना 24-28 दातांचं पातं लावा, 48 च्या पात्यानं लाकूड जळून काळं पडतं.

पण तुमचं मुख्य काम प्लायचं, त्याला माकिटा पुरेसं आहे. 45 अंशांत कापताना त्याची खटकी रेलमध्ये अडकते, मशीन कलंडत नाही. फेस्टूलच्या रेलवर माकिटा चालतं, पण तिथे ही खटकी धरत नाही. आणि 45 अंशांत 56 मिमीची डेप्थ 40 वर येते, रेल धरली तर त्याहून कमी. जाड फळी असेल तर हे आधी तपासा.