कुलूप लावा म्हणे!

वैतागवाडी (धागाकर्ता)
काल इथेच एकांनी छातीठोकपणे लिहिलं: "शेअर्ड फाईलला कुलूप लावा, एका वेळी एकानेच बदलावी, बाकीच्यांनी फक्त वाचावी. घोळ संपले." दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा.

कुलपाने घोळ संपत नाहीत, ते प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर जाऊन बसतात. आमच्याकडे तिमाही अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि एक सज्जन फाईल चेक-आउट करून, म्हणजे स्वतःच्या नावावर कुलूपबंद करून, रजेवर गेले. फोन बंद. मग ज्याने त्याने आपापली कॉपी काढली. फायनल, फायनल-नवी, फायनल-हीच-धरा. सज्जन परतले तेव्हा पाच फायनल होत्या आणि सहावी त्यांच्या लॅपटॉपवर.

ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे एकाच वेळी अनेकांनी केलेले बदल आपोआप जुळवून घेण्याची युक्ती, यावरचा एलिस आणि गिब्ज यांचा पेपर १९८९ चा आहे. गूगल डॉक्स त्याच कल्पनेवर चालतं. मी पाचव्या जागी तीन अक्षरं घातली, की तुमची दहाव्या जागची खोडाखोड आपोआप तेराव्या जागी सरकते. एवढं हाताशी असताना किल्ली कुणाकडे म्हणून विचारत फिरायचं?

कडीकोयंडा
ते "एकांनी" म्हणजे मी. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

तुमचं ट्रान्सफॉर्मेशन अक्षरं जुळवतं, अर्थ नाही. आमच्या करारात "मुदत ३० दिवस" होतं. सुट्ट्या धरल्या तर कमी पडतील म्हणून एकीने ३० चे ४५ केले. त्याच वेळी, त्याच कारणासाठी, दुसऱ्याने "दिवस"च्या आधी "कामकाजाचे" घातलं. झालं "४५ कामकाजाचे दिवस". वाक्य व्याकरणशुद्ध, कुठे इशारा नाही. पाच दिवसांच्या आठवड्याने नऊ आठवडे! दोघांपैकी कुणालाच द्यायचे नव्हते. समोरच्या पार्टीने हसत सही केली.

रजेवरच्या सज्जनांचं म्हणाल तर कुलपाला मुदत घालता येते. डोकुविकी या विकी-सॉफ्टवेअरमध्ये मुळातच १५ मिनिटांची असते. तुमच्या अ‍ॅडमिनने कुलूप तोडलं नाही, यात कुलपाचा काय दोष?

तिसरा_कर्सर
दोघंही खऱ्या दुखण्याला हात लावत नाही आहात. फिल्टर! मी ३१२ व्या ओळीत आकडे भरतेय आणि ओळच गायब, कारण कुणाला तरी फक्त थकबाकी बघायची होती. त्याहून थोर म्हणजे एकच कॉलम निवडून सॉर्ट करणारे. नावं जागच्या जागी, रकमा भलत्यांच्या नावावर. याला तुमचं सॉफ्टवेअर कॉन्फ्लिक्ट म्हणतच नाही.

एकरेघी
+१००. पण फिल्टर व्ह्यू आहे ना? आपला फिल्टर आपल्यापुरता राहतो.

तिसरा_कर्सर
अहो, मला माहीत आहे. ज्यांना माहीत हवं त्यांना नाही. शीटच्या पहिल्या ओळीत लाल अक्षरांत लिहून ठेवलं: "कृपया सॉर्ट करू नये." साहेबांनी सॉर्ट केलं, ती ओळही खाली गेली.

एकरेघी
पहिली ओळ फ्रीझ करायची होती.

तिसरा_कर्सर
साहेबांना फ्रीझ करायची सोय असेल तर सांगा.

वैतागवाडी
धागा कुठे चाललाय! कडीकोयंडा, त्या दोघांना एकमेकांचे कर्सर दिसत नव्हते का?

कडीकोयंडा
एक जण प्रवासात ऑफलाइन होता. नेट आल्यावर त्याचे बदल मुकाट मिसळले. आणि राग मानू नका, पण अहवाल चुकला तर शुद्धिपत्रक काढता येतं. करारावर सही झाली की झाली.

वैतागवाडी
म्हणजे आमचं काम पोरखेळ? आभारी आहे.

जुना_खोडरबर
जरा दमानं घ्या. विकिपीडियावर नेहमीच्या संपादनाला कुलूप नसतं. दोघांनी वेगवेगळे परिच्छेद बदलले तर जोडून टाकतं. एकाच जागी हात घातला तर नंतर जतन करणाऱ्यापुढे दोन्ही मजकूर ठेवतं, तूच निवड म्हणतं. डेटाबेसवाले याच जातीच्या तपासणीला ऑप्टिमिस्टिक लॉकिंग म्हणतात. फाईल घेताना आवृत्तीचा नंबर बघायचा, परत ठेवताना तोच आहे का तपासायचं, नसेल तर थांबवायचं. ४५ आणि "कामकाजाचे" एकाच ओळीत होते, तिथेच अडलं असतं.

कडीकोयंडा
एका ओळीत होते म्हणून. मुदत चौथ्या कलमात आणि "दिवस म्हणजे कामकाजाचा दिवस" ही व्याख्या पहिल्या कलमात असती तर?

जुना_खोडरबर
तर नसतं अडलं.

वैतागवाडी
हे मात्र खरंय. (दात-ओठ खात लिहितोय.) करार असेल आणि शेवटचा दिवस असेल तर कुलूप मंजूर. फक्त किल्ली रजेवर जाणाऱ्याकडे नको.

कडीकोयंडा
एवढ्यासाठी वेगळा धागा काढलात? आणि ती सहावी फायनल शेवटी सापडली का?

तिसरा_कर्सर
मिटलं का तुमचं? आत्ता शीट उघडली. माझी लाल ओळ आज १८७ व्या ओळीवर आहे.