बोब्रोव्स्कीबद्दल सोसायटीच्या ग्रुपवर झालेले बोलणे

ए-२०४, आजी : सर्वांना नमस्कार. माझी अकरा वर्षांची नात फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलजवळ राहते. शाळा सुटल्यावर ती बर्फावरची हॉकी खेळायला जाते आणि तिला गोलरक्षक व्हायचे आहे. दर रविवारी फोनवर ती बोब्रोव्स्की नावाच्या एका रशियन खेळाडूबद्दल भरभरून बोलते, पण मला त्यातले काही कळत नाही. सी-६०१ मधील भाऊ नोकरीनिमित्त बरीच वर्षे अमेरिकेत होते. त्यांनी थोडे समजावून सांगितले, तर मला तिच्याशी नीट बोलता येईल.

सी-६०१ : काकू, तुम्ही विचारलेत याचा मनापासून आनंद झाला. मी ओहायो राज्यातील कोलंबस शहरात राहत होतो, तेव्हा सेर्गेई बोब्रोव्स्की तिथल्याच ब्लू जॅकेट्स संघाचा गोलरक्षक होता. त्याचा जन्म १९८८ मध्ये सैबेरियातील नोवोकुझनेत्स्क या कोळसा आणि पोलादाच्या शहरात झाला आणि तिथल्याच मेटालुर्ग संघातून तो पुढे आला. अमेरिकेतील व्यावसायिक संघ दरवर्षी तरुण खेळाडूंची निवड करतात, परंतु त्या निवडीत त्याचे नाव कोणीही कधीच घेतले नाही. अखेर २०१० मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाने त्याच्याशी थेट करार केला आणि पहिल्याच हंगामात त्याने २८ सामने जिंकून दिले. तरीही पुढच्या वर्षी संघाने दुसरा, अधिक नावाजलेला रशियन गोलरक्षक मोठ्या रकमेला आणला, त्यामुळे याला बहुतेक वेळ बाकावर काढावा लागला आणि जून २०१२ मध्ये त्याला कोलंबसला देऊन टाकण्यात आले.

तिथे आल्यावर पहिल्याच हंगामात तो सर्वोत्तम गोलरक्षकाला मिळणाऱ्या वेझिना करंडकाचा मानकरी ठरला. हा मान मिळवणारा तो पहिला रशियन गोलरक्षक होता. त्या वर्षी त्याच्यावर आलेल्या दर १०० फटक्यांपैकी सरासरी ९३ हून अधिक फटके त्याने अडवले. हा आकडा किती मोठा आहे हे कळायला जाळ्याचे माप डोळ्यांसमोर आणावे लागते : सहा फूट रुंद, चार फूट उंच, आणि समोरून येणारी कडक रबराची चकती अवघी तीन इंच व्यासाची.

आमच्या स्टेडियमात यजमान संघाने गोल केला की खरीखुरी तोफ उडत असे आणि लहान मुले दचकून आईला बिलगत असत. मला मात्र सामना संपल्यानंतरचा क्षण अधिक आवडायचा. विजयानंतर संघातील सहकारी निक फोलिन्यो सरळ बोब्रोव्स्कीकडे जायचा आणि दोघे जड पॅड आणि हेल्मेटसह एकमेकांना घट्ट मिठी मारायचे. २०१६-१७ च्या हंगामात संघाने सलग १६ सामने जिंकले, तेव्हा ती मिठी पाहायला लोक जागा सोडत नसत. त्याच हंगामासाठी त्याला दुसऱ्यांदा वेझिना मिळाला.

बी-१०३ : काका, एक शंका विचारतो. २०१९ मध्ये फ्लोरिडा पँथर्सने त्याला सात वर्षांसाठी सात कोटी डॉलर दिले आणि त्यानंतर त्याची कामगिरी घसरली, असे मी वाचले आहे. मग एवढ्या कौतुकाला तो पात्र आहे का?

सी-६०१ : तुझी शंका योग्य आहे. सुरुवातीची वर्षे त्याला खरोखरच जड गेली आणि तो करार ही चूक होती असे अनेकांनी उघडपणे म्हटले. २०२३ च्या बाद फेरीला प्रारंभ झाला, तेव्हा वर्षाला एक कोटी डॉलर घेणारा हा गोलरक्षक बाकावर होता आणि जाळ्यात संघाचा दुसरा गोलरक्षक ॲलेक्स लायन उभा होता, कारण हंगामाच्या शेवटी सलग सामने जिंकून लायननेच संघाला तिथवर आणले होते. समोर बोस्टनचा संघ होता, ज्याने त्या हंगामात ६५ विजय मिळवून विक्रम केला होता. अशा मालिकेत आधी चार सामने जिंकणारा संघ पुढे जातो. मालिकेच्या मध्यावर बोब्रोव्स्कीला पुन्हा उतरवले गेले, संघ १-३ असा मागे पडला आणि तिथून त्यांनी सलग तीन सामने जिंकले. पुढे कॅरोलायनाविरुद्धचा एक सामना चौथ्या जादा कालखंडाच्या अखेरच्या सेकंदांपर्यंत लांबला, आणि त्यात त्याने ६३ फटके अडवले. त्या वर्षी अंतिम फेरीत वेगासकडून हार पत्करावी लागली, हेही सांगायला हवे. पण मला विचारशील, तर त्याच्या दोन्ही वेझिनांपेक्षा मी ही बाद फेरी मोठी मानतो, कारण बाकावर बसवलेला माणूस इतका तयार असू शकतो हे मी आधी पाहिले नव्हते.

ए-२०४, आजी : नात एका झेपेबद्दल सांगत होती. त्यात तो पाठमोरा होता म्हणे. हे कसे शक्य आहे?

सी-६०१ : काकू, ती एप्रिल २०२४ मधील टँपा बे संघाविरुद्धच्या मालिकेतील दुसऱ्या सामन्याबद्दल बोलत असणार. चकती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेली, त्या संघाच्या मॅट डंबासमोर जाळे जवळजवळ मोकळे होते आणि बोब्रोव्स्कीला वळून पाहायलाही वेळ नव्हता. त्याने पाठमोरेच स्वतःला मागे झोकून दिले, हात हवेत फेकला आणि चकती त्याच्या हाताला लागली. तो सामना जादा वेळेत फ्लोरिडाने जिंकला. त्याच वर्षी जूनमध्ये अंतिम फेरीत एडमंटनविरुद्ध ३-० अशी आघाडी घेऊनही मालिका ३-३ वर आली, एका सामन्यात तर त्याला मध्येच जाळ्यातून बाहेर काढावे लागले, परंतु सातवा सामना त्यांनी २-१ असा जिंकला. कर्णधार बार्कोव्हने विजेत्या संघाला मिळणारा स्टॅन्ले कप स्वीकारल्यावर तो सर्वांत आधी बोब्रोव्स्कीच्या हातात दिला. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, त्याच प्रतिस्पर्ध्याला हरवून त्यांनी तो पुन्हा जिंकला.

ए-२०४, आजी : फार छान सांगितलेत. रविवारी मी तिला काय विचारू?

सी-६०१ : जाळ्यासमोर उभी राहिल्यावर तिचे वजन स्केटच्या पात्याच्या कोणत्या कडेवर असते, ते विचारा. गोलरक्षक आतल्या कडेवर उभा राहतो, म्हणजे कुठल्याही बाजूला ढकलून निघता येते. ती फोन भिंतीला टेकवून तुम्हाला लगेच करून दाखवील.