प्रतिसाद: कल चाचणीच्या अहवालावरून शाखा ठरवावी का?
कल चाचणीत 'ललित कला' वर आलं म्हणजे मुलीला तिकडेच घालावं, हे मत घाईचं वाटतं. राज्य मंडळाने 2016 पासून दहावीला घेतलेली कल चाचणी मुळात सात क्षेत्रांमधली आवड विचारत होती, आणि मूल आवड सांगतं ती पाहिलेल्या कामांपुरतीच. ज्याने लेथ मशीन कधी पाहिलेलं नाही, तो तांत्रिक प्रश्नांना 'नाही' म्हणणारच. जमतं काय, हे अभिक्षमता चाचणीत कळतं. ती वेळ लावून होते: उलगडलेल्या आकृतीची घडी घातली तर कोणता खोका होईल, कप्पी कुठल्या दिशेने फिरेल, असे प्रश्न.

खरी गडबड अहवाल वाचताना होते. 60 शततमक म्हणजे 60 टक्के गुण नव्हेत. त्या वयोगटातल्या शंभरातल्या साधारण साठजणांपेक्षा पुढे. पालक तो आकडा बघून उगाच खट्टू होतात! 55 आणि 62 मधला फरकही धरू नका, तेवढं एकदोन उत्तरांनी हलतं. आवड आणि क्षमता दोन्हीकडे ठळकपणे वर आलेलं क्षेत्र घ्या आणि सुट्टीत दोन आठवडे त्या कामाच्या जागी मुलीला बसू द्या. तिथलं कंटाळवाणं कामही तिला करायला द्या, उदाहरणार्थ डिझाइन स्टुडिओत एकाच पानात पाचव्यांदा दुरुस्त्या.