वेबपान नोटबुकच्या सेलखालीच पाहावे की स्वतंत्र टॅबमध्ये?

दादर_पूर्व

मुंबईतल्या एका महाविद्यालयात मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे प्रात्यक्षिक वर्ग घेते. आमच्या विभागात सध्या एका प्रश्नावर मतभेद आहेत: विद्यार्थ्यांनी पायथनमधून तयार केलेले वेबपान नोटबुकच्या (कोड आणि त्याचे निकाल एकाच पानावर दाखवणाऱ्या साधनाच्या) सेलखाली, म्हणजे कोडच्या चौकटीखाली दाखवले, तर ते तसेच ग्राह्य धरावे का? काही सहकाऱ्यांच्या मते पान वेगळी फाइल म्हणून ब्राउझरमध्ये उघडून दाखवल्याखेरीज गुण देऊ नयेत. मला ते पटत नाही.

प्रयोगशाळेतल्या संगणकांवर विद्यार्थ्यांना स्वतःहून काही इन्स्टॉल करता येत नाही, आणि बऱ्याच जणांच्या घरी संगणकच नाही. ती मुले मोबाइलवर कोलॅब (ब्राउझरमध्ये चालणारी गूगलची नोटबुक) उघडून काम पुरे करतात. अशा मुलांसाठी कोड आणि त्यातून उभे राहिलेले पान एकाखाली एक दिसणे फार मोलाचे असते. एका विद्यार्थिनीने 26 जुलै 2005च्या पावसाचे पान केले होते. त्या 24 तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला जेमतेम 73. दोन उभ्या पट्ट्या काढल्यावर कुलाब्याची पट्टी इतकी बुटकी झाली की तिच्या आत लिहिलेला आकडा कापला जाऊ लागला. तिने आकडा पट्टीच्या वर घेतला, सेल पुन्हा चालवली, अंतर कमी-जास्त करून पाहिले आणि तासाभरात पान नीट बसवले. प्रत्येक बदलासाठी फाइल लिहायची, उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या टॅबमध्ये उघडायची असती, तर तिचा अर्धा तास त्यातच गेला असता.

मुलुंड_जलद

सहमत नाही. वेबसाइट बांधणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ज्युपिटर या नोटबुक प्रणालीमध्ये सेलखाली जे दिसते ते विद्यार्थ्याचे स्वतंत्र पान नसते. त्याचा एचटीएमएल (पानाची रचना सांगणाऱ्या भाषेतला) मजकूर नोटबुकच्याच पानात घातला जातो. विद्यार्थ्याने सगळी शीर्षके लाल करण्याचा नियम लिहिला, तर नोटबुकमधली इतर शीर्षकेही लाल होतात. उलट बाजूने, तक्त्यांना आणि परिच्छेदांना नोटबुकची स्वतःची सजावट लागू होते, आणि विद्यार्थ्याला वाटते की ती आपण केली.

त्याहून गंभीर बाब देवनागरीची आहे. पानाच्या डोक्यावर यूटीएफ-8 चारसेटची, म्हणजे अक्षरे कोणत्या सांकेतिक पद्धतीत साठवली आहेत हे सांगणारी, ओळ लिहायची राहिली, तरी नोटबुकमध्ये ‘सांताक्रूझ’ व्यवस्थित दिसते, कारण मजकूर तिथे आधीच उलगडलेल्या रूपात पोहोचलेला असतो. तेच पान सर्व्हरवर (पाने पुरवणाऱ्या यंत्रणेवर) ठेवले आणि सर्व्हरनेही चारसेट कळवला नाही, तर त्या नावाच्या जागी विचित्र चिन्हांची रांग उमटते. पडद्याच्या रुंदीनुसार पान आखायला सांगणारी व्ह्यूपोर्टची ओळ विसरली, तर मोबाइलचा ब्राउझर पान साधारण 980 पिक्सेल रुंद धरून आखतो आणि सगळी अक्षरे मुंगीएवढी होतात. तेही सेलखाली कळत नाही. आपल्या विद्यार्थिनीचे पान मराठीत असेल आणि ते पाहणारे मोबाइलवर असतील, तर नेमक्या ह्याच दोन चुका तिला महागात पडतील.

ठाणे_धीमी

दोन्ही बाजूंनी सुटलेला मुद्दा विश्वासाचा आहे. दुसऱ्याने दिलेली नोटबुक ज्युपिटर अविश्वासू मानते: साठवलेल्या आउटपुटमधला एचटीएमएल गाळून दाखवते आणि त्यातली जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड, चालू देत नाही. म्हणूनच फोलियम या पायथनच्या लायब्ररीने काढलेल्या नकाशाच्या जागी कधीकधी नोटबुकवर विश्वास ठेवण्याची सूचना दिसते. परीक्षक ते बटण न वाचता दाबत गेले, तर प्रत्येक विद्यार्थ्याची स्क्रिप्ट परीक्षकाच्या नोटबुकच्या पानातच चालेल, आणि तिथून कर्नलमध्ये (नोटबुकचा कोड चालवणाऱ्या प्रक्रियेत) कोडही चालवता येतो. कोलॅबमध्ये आउटपुट वेगळ्या डोमेनवरच्या (वेब-पत्त्यावरच्या) आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या स्वतंत्र चौकटीत असते, त्यामुळे हा धोका बराच कमी होतो. गुणांची पद्धत ठरवताना कोणती नोटबुक वापरायची हे आधी ठरवावे.

दादर_पूर्व

विश्वासाचा मुद्दा रास्त आहे आणि तो मी विभागापुढे ठेवीन. सजावट मिसळण्याच्या आक्षेपावर मात्र सोपा उपाय आहे. पानाचा संपूर्ण मजकूर आयफ्रेमच्या एसआरसीडॉक गुणधर्मात (चौकटीत दाखवायचा मजकूर थेट लिहायच्या जागी) घातला, आणि घालण्याआधी पायथनच्या एचटीएमएल मोड्यूलमधल्या एस्केप फंक्शनने अवतरणचिन्हे सुरक्षित केली, की ते वेगळे दस्तऐवज होते आणि दोन्ही बाजूंची गळती थांबते. कोलॅबमध्ये तर प्रत्येक आउटपुट आपोआप वेगळे राहते.

नोटबुकमधून पान सर्व्हरवर ठेवून पाहणेही शक्य आहे. विद्यार्थी कर्नलमध्ये सर्व्हर चालू करतात आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (‘हेच यंत्र’ अशा अर्थाचा पत्ता) टाकून पाहतात. कोलॅबवर असे केल्यास काहीच उघडत नाही, कारण सर्व्हर दूरच्या यंत्रावर असतो आणि लोकलहोस्ट म्हणजे त्यांचा स्वतःचा मोबाइल. मात्र कर्नलच्या यंत्रावरचा पोर्ट (सर्व्हर ज्यातून उत्तर देतो ते क्रमांकित दार) आयफ्रेममध्ये किंवा नव्या खिडकीत दाखवण्याची सोय कोलॅबमध्ये आहे, आणि ज्युपिटरसाठी सर्व्हर-प्रॉक्सी हे विस्तारक मिळते. आपला कोड नेमका कोणत्या यंत्रावर चालतो आहे, हे विद्यार्थ्याला इतक्या लवकर दुसरीकडे कुठे कळते?

मुलुंड_जलद

एसआरसीडॉकने गळती थांबते हे खरे, पण माझा मुख्य आक्षेप तसाच राहतो. एसआरसीडॉकमधले पान ब्राउझर नेहमी प्रमाणित पद्धतीनेच आखतो. डॉकटाइपची (पान आधुनिक एचटीएमएलमध्ये आहे असे सांगणारी) ओळ नसली तरी जुन्या, सवलतीच्या पद्धतीकडे जात नाही. म्हणजे चारसेटबरोबर डॉकटाइपची चूकही झाकली जाते.

आणखी एक गोष्ट. विद्यार्थी आयफ्रेमची सोय शिकले की बाहेरची संकेतस्थळेही सेलखाली उघडू पाहतात. गूगलच्या मुखपृष्ठासारखी अनेक पाने एक्स-फ्रेम-ऑप्शन्स किंवा सीएसपी हेडर (पानासोबत ब्राउझरला जाणाऱ्या सूचना) पाठवून चौकटीत बसायला नकार देतात, जेणेकरून कोणी त्यांच्यावर फसवी बटणे रचून लोकांकडून क्लिक करून घेऊ नये. विद्यार्थ्याला दिसतो तो फक्त रिकामा चौकोन किंवा जोडणी नाकारल्याचा त्रोटक संदेश, आणि तो आपल्या निर्दोष कोडमध्ये चूक शोधत बसतो. हे पहिल्याच तासाला सांगा.

दादर_पूर्व

ते जरूर सांगेन. दुसऱ्या सत्रातल्या प्रकल्पाला वेगळ्या फाइलची अट घालायला माझी हरकत नाही, कारण तोवर मुलांना सर्व्हर म्हणजे काय ते ठाऊक झालेले असते. पहिल्या सत्रात मात्र मी सेलखाली दिसणाऱ्या पानालाच पूर्ण गुण देणार.

मुलुंड_जलद

अट पहिल्या सत्रातच हवी, असे मला अजूनही वाटते. निदान डॉकटाइप, चारसेट आणि व्ह्यूपोर्ट यांच्या तीन ओळी असलेला साचा पहिल्या दिवशी सर्वांना द्या, आणि सादर करताना पान एकदा मोबाइलवर नव्या खिडकीत उघडून घ्या. आपण सांगितलेली कोलॅबमधली पोर्टची सोय वापरली, तर त्यासाठी काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही.