तक्रीब, इर्खा, खबब: अरबी घोड्याच्या चालींना मराठीत काय म्हणायचं?

सांजवारा:
इम्रुल कैसच्या मुअल्लकेतल्या (मुअल्लका म्हणजे जुनी दीर्घ अरबी कविता) घोड्याच्या ओळींचं मराठी करतेय. सहाव्या शतकातला अरबी कवी आहे. एका ओळीवर अडकलेय, तिचा अर्थ साधारण असा: कुशी हरणाच्या, पाय शहामृगाचे, लांडग्याचा इर्खा आणि कोल्ह्याच्या पिल्लाचा तक्रीब. तक्रीब म्हणजे पुढचे दोन्ही पाय एकदम उचलायचे आणि एकदम टेकायचे, चौखूर उधळण्याच्या खालची पायरी. इर्खा म्हणजे लगाम ढिला सोडल्यावरची मोकळी धाव. मैत्रीण म्हणते दोन्हीकडे ‘दौड’ लिही आणि मोकळी हो. मला ते अजिबात पटत नाही, कारण चार वेगवेगळे प्राणी एका घोड्यात आणलेत हीच तर त्या ओळीची सगळी ताकद आहे, दोन्हीकडे दौड टाकली की लांडगा आणि कोल्हा एकच होऊन जातात. आणि तक्रीब तसाच ठेवला तर उर्दू येणाऱ्याला आधी समारंभच आठवणार. सुचवा काहीतरी.

जुनीवही:
अडचण खरी आहे, कारण अरबीत प्रत्येकाच्या चालण्याला स्वतंत्र क्रियापदच असतं. निशापूरचा सआलिबी (९६१ ते १०३८) याने फिक्ह अल-लुगा या ग्रंथात यादीच दिलीय. पोर चालतं ते यद्रुजु, म्हातारा यद्लिफु, नर शहामृग यह्दिजु, कावळा यह्जुलु, चिमणी यन्कुझु, साप यन्साबु, विंचू यदिब्बु. आणि वर म्हणतो की यातले सोपे आणि प्रसिद्ध तेवढेच निवडलेत! आपल्याकडे हे काम क्रियापद करत नाही, जोडीला येणारा शब्द करतो. पोर दुडुदुडु, उंदीर तुरुतुरु, हत्ती डुलत डुलत, बाई तरातरा. म्हणून तुम्ही क्रियापद शोधत बसलात तर मिळणारच नाही, क्रियाविशेषण शोधा.

शुद्धाक्षर:
शोधायची गरजच काय? अमरकोशात घोड्याच्या पाच गती आहेत: आस्कन्दित, धौरितक, रेचित, वल्गित, प्लुत. त्यांना ‘धारा’ असं नावही आहे. आपल्या घरात एवढं असताना अरबी-फारसीच्या दारात कशाला जायचं. प्लुत लिहा, अर्थही बसतो आणि डौलही राहतो.

तांबडीमाती:
शुद्धाक्षर, मान्य की शब्द आहेत, पण ते कोणाच्या तोंडात आहेत सांगा. माझे आजोबा कोल्हापुरात टांगा चालवायचे, त्यांच्या तोंडी दुडकी होती, कदम होता आणि रवाल होती. रवाल चालीचा घोडा म्हणजे मागे बसलेल्याच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हिंदकळू नये असा, आणि तशा घोड्याला बाजारात भाव जास्त, हे ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे. रवाल फारसी ‘रहवार’मधून आली, म्हणून काय ती मराठी नाही? ज्यांनी घोडे पाळले त्यांनी तो शब्द वापरला, तेवढा दाखला मला पुरतो.
सांजवारा ताई, तुमच्या शीर्षकातल्या तिसऱ्या चालीला, खबबला, मात्र दुडकी चालेल बघा.

जुनीवही:
खबबला दुडकी सरळ लावू नका. लिसान अल-अरब या जुन्या अरबी कोशात खबबचे एकाहून जास्त अर्थ दिलेत. एक, उजवे दोन्ही पाय एकदम आणि मग डावे दोन्ही एकदम. दुसरा, पुढचे आणि मागचे पाय आळीपाळीने. पहिला धरला तर ती तांबडीमातींच्या आजोबांची रवाल होईल, दुडकी नाही, कारण दुडकीत समोरासमोरचे तिरपे पाय जोडीने पडतात आणि बसणारा उसळतो. कोशकारांतच एकमत नाही तर आपण कुठलं धरायचं?

मस्कतकर:
उजवे एकदम, डावे एकदम ही तर उंटाची चाल! मी इथे ओमानमध्ये रोज बघतो, म्हणून तर उंटावरचा माणूस बाजूबाजूला हेलकावतो. आणि उंटाच्या चालींच्या तर पायऱ्या आहेत. अनक, त्याच्यावर तज़य्युद, मग ज़मील (सुंदरवाला जमील नव्हे), मग रसीम. हदीसमध्ये पण येतं, अराफातहून परतताना पैगंबर अनक चालीने जात आणि मोकळी जागा मिळाली की ‘नस्स’ करत. सांगणाऱ्या हिशामने तिथेच जोडलंय की नस्स ही अनकच्या वरची. म्हणजे ऐकणाऱ्यांना तेव्हाच खुलासा लागत होता! आता नस्स म्हटलं की अरबांना मजकूर, पाठ एवढंच आठवतं. माझ्या ओमानी सहकाऱ्याला ज़मील, रसीम विचारलं, तो म्हणाला शाळेत कवितेत वाचलेत.

घोडनवमी:
वेगवान चालीला ‘हम्लजा’ असाही शब्द आहे ना, आपला हमला त्याच्यातूनच आला असणार. घोडे हम्लजा चालीने आले की हल्ला! मला तर अगदी स्पष्ट दिसतंय.

जुनीवही:
नाही हो. हम्लजा मुळात फारसी, आणि तिचा ‘ह’ वेगळा आहे. हमल्याचा ह अरबी हम्ल धातूतला, ओझं उचलणे, चाल करून जाणे या अर्थाचा. देवनागरीत दोन्ही ह सारखे दिसतात एवढंच. पण यातून शुद्धाक्षरांना एक सांगायचंय, ज्यांच्याकडे घोड्याच्या चालींसाठी ढीगभर शब्द होते त्या अरबांनीसुद्धा या चालीसाठी फारसी शब्द उचलला.

शुद्धाक्षर:
त्यांनी उचलला म्हणून आपणही उचलायचा हे तर्काला धरून नाही. आणि एवढे शब्द असणं हीच श्रीमंती असेल तर कुराणात सूरह नूरच्या ४५व्या आयतीत पोटावर, दोन पायांवर, चार पायांवर चालणाऱ्या सगळ्यांना एकच ‘यम्शी’ का वापरलंय? साधा शब्द पुरतो.

मस्कतकर:
तिथे पुरतो कारण सगळे एकाच पाण्यातून निर्माण झाले हेच सांगायचंय. तिथे सापाला वेगळं, माणसाला वेगळं क्रियापद दिलं असतं तर मुद्दाच मोडला असता. इम्रुल कैसला नेमकं उलटं हवंय.

सांजवारा:
हेच मला म्हणायचं होतं. सध्या लांडग्याला ‘सैल धाव’ लिहिलंय. कोल्ह्याच्या पिल्लाला ‘जोडपावली उड्या’ कसं वाटतं?

तांबडीमाती:
सैल धाव छान. जोडपावली मला थोडं घडवलेलं वाटतंय, पण दौडपेक्षा शंभरपट बरं.

घोडनवमी:
अरबी कवी बायकांच्या चालीला काय म्हणतात? आपल्याकडे गजगामिनी आहे तसं?

जुनीवही:
अल-आशा नावाच्या जुन्या अरबी कवीची ओळ आहे, ती सावकाश चालते, खूर दुखावलेलं जनावर चिखलातून चालावं तशी. आपल्या कानाला विचित्र वाटेल पण नीट डोळ्यासमोर आणा, प्रत्येक पाऊल जपून, तोलून टाकलेलं.

तांबडीमाती:
दुखऱ्या खुराचं जनावर कौतुकासाठी? ज्याने लंगडणारा घोडा पाहिलाय तो हे लिहिणार नाही.

मस्कतकर:
उलट ज्याने रोज पाहिलाय तोच लिहील. लंगडणं वेगळं आणि जपून टेकणं वेगळं, अरबीत त्याला शब्दही वेगळे आहेत.

शुद्धाक्षर:
गजगामिनी तरी कुठे अचूक आहे, हत्ती घाईत असतो तेव्हा चांगलाच झपझप जातो.