दुसरे मँडोलिन नेमके कशासाठी?

‘हात तयार असेल तर एकच मँडोलिन पुरते, बाकी सारी हौस’ हे मत मला अर्धेच पटते. अमेरिकन वादक बिल मनरो यांनी १९२३ साली तयार झालेल्या आपल्या गिब्सन एफ-५ या मँडोलिनवर कित्येक दशके ब्लूग्रास ही अमेरिकन लोकसंगीताची शैली वाजवली, हे खरे; परंतु ते मुख्यतः एकाच शैलीचे वादक होते आणि त्या वाद्याचा तुटक, ठसठशीत आवाज त्या शैलीला नेमका मानवणारा होता.

आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे. चित्रपटगीतांत ऐकू येणारी मँडोलिनची थरथर तारांच्या चार जोड्यांवर झरझर फिरणाऱ्या नखीतून (तारा छेडण्याच्या पट्टीतून) येते, तर रागसंगीतातील मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) आणि गमक (स्वराला दिलेले जोरकस आंदोलन) काढताना, एका जोडीतील दोन्ही तारा सारख्याच ताणाने खेचल्या न गेल्यास, स्वर फाटतो. म्हणूनच यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी जोड्या सोडून पाच सुट्या तारांचे इलेक्ट्रिक मँडोलिन स्वीकारले. ही दोन्ही कामे करणाऱ्याने एकाच वाद्याच्या तारा दर आठवड्याला काढून पुन्हा चढवाव्यात, असे म्हणणे व्यवहार्य नाही.

मात्र एकाच घडणीची दोन वाद्ये घेण्यापेक्षा (कार्यक्रमात तार तुटण्याची धास्ती असलेले व्यावसायिक वादक सोडून) त्या पैशांत हातातल्या मँडोलिनची घोडी (तारांना आधार देणारी पट्टी) नीट बसवून घ्यावी आणि पडदे (दांडीवरील धातूच्या आडव्या पट्ट्या) घासून सारखे करून घ्यावेत; कारण पुष्कळदा नव्या वाद्याची ओढ जुन्याच्या बेसुरेपणातून निर्माण झालेली असते.